राख गेली, ओल राहिली

ओला कचरा वेगळा द्या, सुका वेगळा द्या, असं घंटागाडीवरचा भोंगा रोज सकाळी गाऊन सांगतो. ही काहीतरी नवीच शिस्त पुण्याला लावायची आहे, असा त्या गाण्याचा सूर असतो. मी हडपसरचा. आमच्या घरी तीन पिढ्या ऊस होता. पुण्याच्या घरांतली घाण आमच्या वावरात यायची आणि आम्ही तिचे पैसे मोजायचो. माझी नात याला आजोबांची थाप म्हणते.

खडकवासल्याचं धरण १८७९च्या सुमारास पुरं झालं आणि मुठेचा उजवा कालवा हडपसर, मुंढवा, मांजरी या पट्ट्यात पाणी घेऊन आला. पाणी आलं तिथं ऊस आला. ऊस हे खादाड पीक, नुसत्या शेणखतावर त्याचं भागत नाही. अन् गोठ्यात जनावरं असून असून किती असणार? शेंगदाण्याची पेंड घालावी तर ती महाग. उरलं ते शहर. पुण्यात तेव्हा टोपलीचे संडास होते. नगरपालिकेची माणसं पहाटे मैला उपसायची, गाड्यांत भरून गावाबाहेर न्यायची. तिथं जमिनीवर तो पातळ पसरायचा, वर चुलीची राख आणि रस्त्याचा झाडलोट कचरा टाकायचा, उन्हात खालीवर करायचा. वाळून त्याची काळपट भुकटी झाली की ते सोनखत. मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याच्या जुन्या अहवालांत पुण्याचं सोनखत आणि ऊस यांची जोडी भेटते. सुरुवातीला शेतकरी त्याला हात लावेनात. मग एकाचा ऊस शेजाऱ्याच्या उसापेक्षा हातभर उंच झाला आणि सोवळं सुटलं.

आजोबांची बैलगाडी भाजी घेऊन मंडईत जायची. ही मंडई १८८६ची, तेव्हा तिला रे मार्केट म्हणत, पुढं ती महात्मा फुल्यांच्या नावाची झाली. परतीला गाडी रिकामी आणायची नाही हा त्यांचा नेम. कधी मंडईतला कोबीचा पाला, कधी तबेल्यातली लीद, कधी सोनखत. खताची पारख मुठीत धरून. मूठ दाबली आणि गोळा झाला तर ओल जास्त, म्हणजे पाण्याचे पैसे द्यायचे. मूठ उघडल्यावर भुगा झाला तर माल पक्का. पावसाळ्यात ते खत घ्यायचेच नाहीत, न वाळलेलं असतं म्हणून. आजीला मी एकदा विचारलं होतं, त्या उसाचा गूळ देवाला कसा चालतो? "भुईत गेलं की त्याची माती होती," एवढंच म्हणून ती भाकरी थापत राहिली.

पण या गोष्टीची गोड आठवण करून सांगायची माझी इच्छा नाही. मातीत गेलेल्या मैल्याला आमच्या घरात विटाळ नव्हता, तो वाहणाऱ्या माणसाला मात्र होता. आजोबा सोनखताचे पैसे त्या माणसाच्या हातावर वरून टाकायचे, हात लागू नये म्हणून. त्याला पाणीही वरून. खताचा ढीग अंगणाच्या कडेला चालायचा, माणूस चालायचा नाही. आमच्या घरचे लोक वाईट नव्हते, सगळ्यांच्याच घरी असं होतं. मला हे सांगणं म्हणूनच जास्त अवघड वाटतं.

या बाबतीत महाराष्ट्रात एकच माणूस मुळाशी गेला असं मला वाटतं, कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून त्यांनी १९३२ साली उपास मांडला होता. पुढं कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी संडासाचे असे नमुने केले की मैल्याचं खत जागच्या जागी व्हावं, दुसऱ्या कुणाला डोक्यावरून वाहावं लागू नये. आम्ही पुणेकर, हडपसरकर त्यांना ‘कोकणचे गांधी’ म्हणून हार घालून मोकळे झालो.

त्याच सुमारास इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड काडीकचरा, शेण, मूत आणि राख यांचे थर रचून खत करत होते. आज जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून जिचं नाव घेतात ती हीच. १९३१ साली तिच्यावर पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्डसाहेबांच्या बरोबरीनं यशवंत वाड यांचं नाव आहे. साहेबाचं नाव सगळे घेतात, वाडांचं कुणी घेत नाही. पुढं बंगळूरला डॉ. आचार्यांनी चरात शहराचा कचरा आणि मैला थराथरानं पुरायची रीत बसवली, आणि चाळीसच्या दशकात, धान्याची टंचाई होती तेव्हा, देशभरच्या नगरपालिकांना ती करायला सांगितलं गेलं.

या सगळ्या रीतींमध्ये एक समान जिन्नस आहे, त्याकडे कुणी पाहत नाही. राख. तेव्हाच्या घरातला कचरा काय असायचा? भाजीची देठं, आंब्याच्या कोयी, थोडं खरकटं (फार नाही, कारण उरलेलं अन्न गाय, कुत्रा आणि दारी आलेला माणूस यांत संपायचं) आणि चुलीची, बंबाची राखच राख. ओल्याला राख शोषून घ्यायची, वास दाबायची, माशा बसू द्यायची नाही. सत्तरच्या दशकात पुण्याच्या घरांत गॅस आला. बायकांचे डोळे वाचले, फार चांगलं झालं. कचऱ्यातली राख मात्र गेली आणि ओल तेवढी राहिली. संडास गटारांना जोडले गेले, तेही चांगलंच झालं. युरियाचं पोतं सोसायटीत मिळायला लागलं, मग मैलभर गाडी हाकून घाण कोण आणणार? आणि ऐंशी-नव्वदच्या दशकात पातळ प्लॅस्टिकची पिशवी आली. वडिलांनी एकदा हौसेनं शहरातला कचरा आणून वावरात पसरला होता. नांगर धरला तर फाळाला पिशव्यांचे झुपके. त्यानंतर आमच्या घरी शहराचा कचरा आला नाही.

घेणारा गेल्यावर कचऱ्याला टाकण्याची जागा लागते. कोथरूडला पौड रस्त्याच्या कडेला डेपो होता. वस्ती त्याच्यापर्यंत पोचली, लोक ओरडू लागले, आणि १९९१ साली डेपो शहराच्या दुसऱ्या टोकाला, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत, दगडखाणीच्या जागेत गेला. एकशे त्रेसष्ट एकर. कोथरूडच्या जुन्या डेपोवर आता मेट्रोच्या गाड्या उभ्या राहतात.

फुरसुंगी माझी सासुरवाडी. सासऱ्यांच्या ज्या विहिरीचं पाणी पिऊन आमची लेकरं वाढली, ते पाणी पुढं तांबूस काळं झालं, वास येऊ लागला. टँकर सुरू झाले. लग्नाच्या पंगतीत माशा येतात म्हणून सोयरिकी मोडल्या, हे मी ऐकीव नाही सांगत. ओला कचरा आणि प्लॅस्टिक एकत्र डोंगरावर पडलं की खालून काळं पाणी झिरपतं, आत वायू साठतो आणि उन्हाळ्यात डोंगर पेटतो. २०१७च्या एप्रिलमध्ये असाच पेटला. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, त्या काही आठवडे अडूनच राहिल्या, आणि पुण्याच्या चौकाचौकांत कचरा साचला. तेव्हा माझे पेठेतले मित्र फोन करून विचारायचे, तुमचे लोक असे काय करतात हो?

कायदा त्याआधीच आला होता. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तिच्यातून २००० सालचे घनकचरा नियम निघाले: कचरा घरातच वेगळा करा, कुजणारा कुजवा, जमिनीत फक्त उरलंसुरलं पुरा. २०१६च्या नियमांनी त्यात घरगुती घातक कचऱ्याचा तिसरा भाग घातला. नियम छान आहेत. पण सकाळी साडेसातला चौथ्या मजल्यावरची बादली कोण उचलणार, हे नियमात लिहिता येत नाही.

ते उत्तर पुण्याला रस्त्यावर सापडलं. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापुराकडून आलेली दलित कुटुंबं शहराच्या कडेनं वसली. त्यांतल्या बायका कुंड्यांतून कागद, काच, पत्रा वेचून भंगारवाल्याला घालायच्या. नव्वदच्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या त्यांच्या मुलांना शिकवायला गेल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की घरातच कचरा वेगळा झाला तर या बायकांना उकिरड्यात हात घालावा लागणार नाही. म्हणजे ओला-सुका वेगळा करण्याची मागणी पुण्यात पर्यावरणाच्या आधी कामगारांच्या अंगानं आली. हे आपण विसरलो आहोत. १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. हमालांना संघटित करणारा माणूस कचरावेचकांना संघटित करताना नवल वाटू नये. त्याच वर्षी डोक्यावरून मैला वाहण्याला बंदी करणारा कायदा संसदेनं केला. पंचायतीनं ओळखपत्रं मिळवली, विमा मिळवला, आणि २००८ साली महापालिकेशी करार करून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था दारोदार जायला लागली. आज तिचे साडेतीन हजारांच्या आसपास सभासद आहेत, बहुतेक बायका.

आमच्या इमारतीत येणाऱ्या ताई त्यांतल्याच. ढकलगाडीवर दोन डबे, अंगात जाकीट, बोलायला कडक. पहिल्या वर्षी त्यांनी आम्हाला घडवलं. एका घरातून सॅनिटरी पॅड ओल्या कचऱ्यात आलं तेव्हा त्यांनी बादली तिथंच, दारात, उपडी केली आणि म्हणाल्या, "हे मी उचलू का तुम्ही उचलता?" सभेत त्यांची तक्रार झाली. मी त्यांच्या बाजूनं बोललो, शेजाऱ्यांनी काही महिने माझ्याशी अबोला धरला. आता पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळं ठेवायची रीत आहे आणि बहुतेक घरं ती पाळतात. खाड्यांच्या दिवशी बदली बाई आली की तिला आम्ही विचारतो, नारळाची करवंटी ओल्यात का सुक्यात? कारण ताईंचा नियम करवंटी वेगळी, शेंडी वेगळी.

ओला कचरा आमच्याकडं बाहेर जात नाही. महापालिका गांडूळखताला मिळकतकरात सूट देते, म्हणून बिल्डरानं मागच्या बाजूला दोन हौद बांधून दिले होते. त्यांत पहिल्या पावसाळ्यात अळ्या, चिलटं आणि भांडणं यांपलीकडं काही निपजलं नाही. गांडुळं मेली. कारण साधं होतं: नुसतं खरकटं टाकत होतो, ओलीला शोषणारं काही नव्हतं. आजोबांच्या मुठीची परीक्षा मी घेतली तर बोटांतून पाणी.

राख कुठून आणणार? पण आवारात दोन बदामाची झाडं, एक जंगली बदाम, एक पिंपळ. माघ-फाल्गुनात एवढी पानगळ होते की माळी रोज सकाळी ढीग लावून पेटवायचा. धूर घरात, पानं वाया. पानं जाळायला बंदी आली तरी पोत्यात भरून ती घंटागाडीच्या गळ्यात मारायचा प्रघात पडला होता. आम्ही ती पोती ठेवून घेतली. एक थर स्वयंपाकघराचा, वर दुप्पट जाडीचा पाला, थोडं शेण, थोडं आंबट ताक. झावळ्या मात्र तोडून घ्याव्या लागतात, त्या वर्षभर तशाच राहतात. निर्माल्यातले दोरे आणि थर्माकोल ताई आधीच काढून टाकतात. वास थांबला. पुण्यात कोरडी पानं हवी आहेत आणि कोरडी पानं नको आहेत अशा लोकांची गाठ घालून देणारे गट आता आहेत. मार्चमध्ये आमच्याकडची जादा पोती औंधच्या कुणा गच्चीबागवाल्या बाई मोटारीच्या डिकीत भरून नेतात, वर आभार मानतात!

आमची हडपसरची जमीन विचाराल तर तिथं आता ऊस नाही. शेजारच्या मगर मंडळींनी चारशेहून जास्त एकर एकत्र करून मगरपट्टा सिटी वसवली, शेतकऱ्यांनीच केलेली नगरी म्हणून तिचं कौतुक होतं, ते योग्यच आहे. तिथं कचरा वेगळा होतो, आतल्या आत खत आणि गॅस होतो. आमचा तुकडा त्यात नव्हता, तो आधीच विकला गेला होता.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ साली महापालिकेत घेतली, लोकांनी विरोध केला, आणि २०२४ साली बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. आता ओला-सुका उचलायला त्यांना स्वतःच्या घंटागाड्या हव्यात, कुजवायला स्वतःची जागा हवी. परवा मेहुण्याला विचारलं, तुमच्या ओल्या कचऱ्याचं काय करणार? तो म्हणाला, "दाजी, काय अवघड आहे त्यात? कोथरूडला पाठवून देऊ."