शिखरजीची वाट

आमच्या बेळगाव भागातल्या जैन घरांत ‘शिखरजी करून आले’ हे नुसतं सांगितलं जात नसे, जरा थांबून सांगितलं जाई. ऐकणाराही हात जोडी. चोवीसपैकी वीस तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले तो सम्मेदशिखर म्हणजे आजच्या झारखंडातला पारसनाथ डोंगर, उंची १३६५ मीटर. आता हावड्याला गाडीत बसलं की सुमारे तीनशे किलोमीटरवर पारसनाथ स्टेशन येतं. सकाळी कोलकाता, संध्याकाळी पायथ्याचं मधुबन. पण ही सोय आपल्यासाठी कुणी केलेली नव्हती.

रेल्वेपूर्वीची यात्रा कशी असे, ते बनारसीदासांच्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रातून कळतं. १६०४ च्या सुमारास हीरानंद मुकीम यांनी प्रयागहून शिखरजीचा संघ काढला. बनारसीदासांचे वडील त्यात गेले. परतताना संघातली बरीच माणसं आजारी पडली, काही दगावली, वडीलही दुखणं घेऊनच घरी आले. यात्रेला निघताना घरच्यांचा निरोप घेत, तो खरोखरचा निरोप असे. अशा प्रवासात लेकरंबाळं असलेली बाई किती वेळा निघू शकली असेल, याचा विचार मनात येतोच.

मग आगगाडी आली. १८५५ मध्ये कलकत्त्याहून राणीगंजपर्यंत रूळ पोचले ते कोळशासाठी. पुढं ग्रँड ट्रंक रोडनं बैलगाडी. १८७१ मध्ये मधुपूरहून गिरिडीहला फाटा निघाला, तोही तिथल्या कोळशाच्या खाणींसाठी. यात्रेकरू कोळशाच्या वाटेनंच गिरिडीहला उतरू लागले आणि उरलेली वाट रस्त्यानं काटू लागले. १९०६ मध्ये गयेवरून जाणारी ग्रँड कॉर्ड लाइन सुरू झाली आणि डोंगराच्या दक्षिणेला इसरीजवळच पारसनाथ स्टेशन झालं. महिन्यांची वाट दिवसांवर आली. आमच्याकडच्या बायका शिखरजीला जाऊ लागल्या त्या या रुळांमुळे. म्हणून आगगाडीनं यात्रेचं पावित्र्य घालवलं असं कुणी म्हणालं, तर मला ते पटत नाही. घरातल्या पुरुषांचं पुण्य ऐकत बसण्यापेक्षा आपण स्वतः जाणं केव्हाही बरं.

पण शहर जवळ आलं की शहराची नजरही डोंगरावर पडते. इंग्रजांनी पारसनाथावर गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम काढलं होतं. वर जागा आणि पाणी अपुरं पडलं, १८६८ मध्ये ते बंद झालं. नाहीतर आज तिथं दार्जिलिंगसारखं हवा खाण्याचं ठिकाण झालं असतं. पुढं १८९० च्या सुमारास एका चहामळेवाल्या साहेबानं तिथं डुकराच्या चरबीचा कारखाना घातला. वीरचंद गांधी कलकत्त्याला जाऊन राहिले, बंगाली शिकले, जुनी कागदपत्रं वाचून काढली आणि तो कारखाना बंद झाला. हेच वीरचंदभाई १८९३ मध्ये शिकागोच्या धर्मपरिषदेत बोलले. नंतर भांडण घरातच लागलं. डोंगरावर रखवालदारांनी राहावं का, चरणचिन्हं बदलावीत का, यावरून दिगंबर आणि श्वेतांबर कोर्टात गेले. इंदूरच्या सर सेठ हुकुमचंदांच्या नावाचा दावा १९३३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला. अहिंसेच्या डोंगरासाठी किती पैसा आणि किती वर्षं कोर्टात गेली, ते वाचून वाईट वाटतं.

याच काळात आमच्या जिल्ह्यातल्या भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज १९२७ मध्ये मोठा संघ घेऊन दक्षिणेतून शिखरजीला चालत निघाले. पारसनाथ स्टेशन होऊन वीस वर्षं झाली होती. मुनींना वाहन वर्ज्य, म्हणून पायी, हे खरं. पण गाडीनं येणाऱ्या श्रावकांनाही वर पायीच चढावं लागे आणि आजही लागतं: नऊ किलोमीटर चढ, वर नऊ किलोमीटर टोकांची वंदना, नऊ किलोमीटर उतार. सत्तावीस किलोमीटर. पहाटे दोन-तीनला अनवाणी निघतात. ज्यांना होत नाही ते डोली करतात आणि आसपासच्या गावांतली माणसं त्यांना खांद्यावर वाहून नेतात. म्हणजे वाट कुणीतरी चालतंच.

२०१९ च्या अधिसूचनेत या परिसरात पर्यटनाला वाव मिळाला, तेव्हा देशभर जैन रस्त्यावर आले आणि ५ जानेवारी २०२३ ला केंद्रानं ती तरतूद थांबवली. मलाही बरं वाटलं. तेवढ्यात संथाळ समाज उभा राहिला. आपण ज्याला शिखरजी म्हणतो तो त्यांचा मरांग बुरू, त्यांच्या सर्वांत मोठ्या देवाचा डोंगर. आपले संघ, इंग्रजांचे रूळ, कोर्टाचे निकाल हे सगळं येत-जात असताना ते पायथ्याशीच होते. त्यांना कुठून यायचं नव्हतं.

साहेबाच्या कारखान्याशी, सरकारच्या पर्यटनाशी आपण भांडलो ते योग्यच होतं. पण पायथ्याशी राहणाऱ्यांना ‘तुम्ही इथं कसे’ असं आपण विचारू शकत नाही. तो प्रश्न त्यांनी आपल्याला विचारायचा. त्यांनी तो शेकडो वर्षं विचारला नाही आणि वर आपली डोली वाहिली. आता विचारला आहे, तर उत्तर देताना आपला आवाज खाली असावा, एवढं मला वाटतं.