आश्रयदात्यांची यादी

जुन्या मराठी पुस्तकांच्या अखेरीस, शुद्धिपत्राच्या मागेपुढे, जी आश्रयदात्यांची यादी छापलेली असते ती सहसा कोणी वाचीत नाही. मी मात्र असे पुस्तक हाती आले की मूळ ग्रंथाआधी तीच उघडतो. कोणी मामलेदार, कोणी शिरस्तेदार, कोणी तालुक्याच्या शाळेतला मास्तर. नावापुढे गाव आणि गावापुढे प्रतींचा आकडा, बहुधा एक, क्वचित पाच, आणि एखाद्या संस्थानिकाच्या नावापुढे पंचवीस.

पेशवाईत श्रावणमासात विद्वानांना मिळणाऱ्या दक्षिणेचे रूप इंग्रजी अमदानीत पालटले आणि १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटी मराठी ग्रंथांना बक्षिसे देऊ लागली. त्यामुळे ग्रंथकाराच्या पदरात चार पैसे पडले, हे उपकार लहान नव्हेत; परंतु बक्षीस देणारा सरकारी मुनसफीने देतो, आणि आपल्या घरखर्चातून रुपया काढून पुस्तक नेणारा मनुष्य त्यात कोठेच दिसत नाही. तो प्रथम दिसला या यादीत. कागद आणि छपाई यांचा खर्च एकट्याच्या आवाक्याबाहेरचा असल्यामुळे ग्रंथकार आगाऊ सह्या जमवी, पत्रे लिही, ओळखीपाळखीच्या दारांत जाई, आणि पुरेशा वर्गणीची हमी मिळाल्यावर मगच पुस्तक छापखान्यात जाई. यात याचनेचा संकोच असेल, नाही असे नाही. पण आपला वाचक कोण, कोणत्या गावचा, हे नावानिशी जाणण्याचे जे सुख त्या पिढीला लाभले ते पुढे फारसे कोणाला लाभले नाही.

न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी ११ मे १८७८ रोजी पुण्यास ग्रंथकारांची जी सभा भरविली, आणि जिला आपण आज पहिले साहित्य संमेलन म्हणतो, तिच्या मुळाशीही ग्रंथ लोकांपर्यंत जावे कसे हाच घोर होता. १८७४ पासून निबंधमाला चालविणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी तर केवळ लिहून न थांबता पुण्यात ‘किताबखाना’ नावाचे पुस्तकांचे दुकानच काढले.

त्या काळच्या पुस्तकांत आणखी एक गोष्ट मला हलवून जाते. १८६७ च्या २५ व्या आक्टान्वये पुस्तक नोंदल्याची ओळ, आणि जवळच, ज्या प्रतीवर कर्त्याची सही नाही ती चोरीची समजावी अशी ताकीद. ताकीद बंदोबस्ताची खरी. परंतु तिच्याखाली शाईने केलेली, आता तपकिरी पडलेली सही पाहिली की वाटते, दिव्यापाशी बसून एकेका प्रतीवर नाव घालताना, ही कोणाच्या हाती जाईल, असे त्या माणसाच्या मनात आल्यावाचून राहिले असेल काय?

कित्येकांना तेवढेही घडले नाही. केशवसुत १९०५ साली हुबळीस प्लेगने गेले. मासिकांतून विखुरलेल्या त्यांच्या कविता हरिभाऊ आपट्यांनी पुस्तकरूपाने काढल्या त्या १९१७ साली. बहिणाबाई चौधरी डिसेंबर १९५१ मध्ये निवर्तल्या आणि त्यांची गाणी पुढच्या वर्षी छापून आली. त्यांची पुस्तके घराघरांत गेली. नेणारा हात तेवढा त्यांनी पाहिला नाही.

मी तो एकदा पाहिला आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानी मी उभा असताना एका वयस्क गृहस्थाने माझे पुस्तक उचलले, किंमत पाहून खाली ठेवले, दुसरी दोन चाळली, आणि पुन्हा तेच घेतले. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या, त्या दोनदा मोजल्या, दुकानदाराने पुस्तक कागदात बांधून सुतळीची गाठ मारली, आणि तो ते छातीशी धरून गर्दीत उतरला. माझा कंठ इतका दाटून आला होता की त्याला त्याचे नाव आणि गाव विचारण्याचे राहून गेले.