घाटकोपर फ्लेमिंगो दुर्घटना (२०२४)

घाटकोपर फ्लेमिंगो दुर्घटना ही २० मे २०२४ रोजी रात्री मुंबईतील घाटकोपर पूर्व परिसराच्या आकाशात घडलेली विमान-पक्षी धडकेची घटना आहे. दुबईहून आलेले एमिरेट्सचे ईके ५०८ हे बोइंग ७७७ विमान मुंबई विमानतळावर उतरत असताना फ्लेमिंगोंच्या (रोहित पक्ष्यांच्या) थव्याला धडकले. विमानाचे नुकसान झाले, परंतु ते सुखरूप उतरले. त्याचे परतीचे उड्डाण रद्द करावे लागले. पक्ष्यांचे अवशेष निवासी वस्तीत विखुरले होते. मृत पक्ष्यांची संख्या ३९ नोंदवली गेली.

पार्श्वभूमी

फ्लेमिंगो हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ठाणे खाडीत मुक्काम करतात. सुमारे १,६९० हेक्टरांचे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले व २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. भरतीच्या वेळी चिखलपट्टे पाण्याखाली जातात, तेव्हा हे पक्षी नवी मुंबईतील पाणथळ जागांचा आश्रय घेतात. खाडी व मुंबई विमानतळ यांच्या दरम्यान घाटकोपर आहे.

उतरतानाचा धोका

विमान साधारणपणे तीन अंशांच्या उताराने खाली येते. त्यामुळे धावपट्टीपासून तीन-चार किलोमीटरवर त्याची उंची सुमारे २०० मीटरच असते. या टप्प्यात वेग कमी, चाके व फ्लॅप बाहेर आणि जमीन जवळ असल्याने वैमानिकाला मार्ग बदलण्यास फारसा अवधी मिळत नाही. रात्री थवा दृष्टीस पडणेही कठीण असते. २९ डिसेंबर २०२४ रोजी दक्षिण कोरियातील मुआन येथे उतरताना जेजू एअरच्या विमानाला पक्ष्यांची धडक बसली. त्यानंतर झालेल्या अपघातात विमानातील १८१ पैकी १७९ जणांचा मृत्यू झाला.

प्रतिबंध

विमान नियम, १९३७ मधील नियम ९१ नुसार विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या परिघात पक्ष्यांना आकर्षित करणारा कचरा टाकण्यास व जनावरांच्या कत्तलीस मनाई करण्यात आली. या तरतुदीचा उपयोग घारी-कावळ्यांसारख्या, उकिरड्यावर येणाऱ्या पक्ष्यांबाबत होतो. खाडीतील सूक्ष्म शैवालावर जगणाऱ्या फ्लेमिंगोंना ती लागू पडत नाही. त्यांच्या बाबतीत प्रश्न विश्रांतीच्या जागांचा आहे. पाणथळ जागा बुजवल्यास पक्षी नाहीसे होत नाहीत, तर अन्य मोकळ्या जागी स्थलांतर करतात. त्यामुळे त्या नष्ट झाल्यास पक्षी नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात येऊ शकतात, असा इशारा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने दिला होता. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने नेरूळ येथील डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली.