अक्रोडाचे लाकूड व इंग्लंडमधील एका पर्वाचा अस्त

इंग्लंडमधील लाकडी सामानाच्या इतिहासात १६६० ते १७२० च्या सुमारास ‘अक्रोडाचे युग’ होते, असे मानण्याचा प्रघात आहे. या युगाच्या अस्ताचे कारण पुष्कळदा बदललेल्या अभिरुचीत शोधले जाते. तथापि लाकडाचे गुणधर्म आणि तत्कालीन व्यापार यांचा एकत्र विचार केल्यास हे उत्तर अपुरे ठरते.

युरोपीय अक्रोडाचे वाळलेले लाकूड दर घनमीटरास सुमारे ६४० किलोग्रॅम भरते. ओकपेक्षा ते किंचित हलके असते. त्याचा गाभा करडा-तपकिरी असून त्यात गडद रेषा असतात. नीट वाळविल्यास ते सहसा वाकत नाही, कोरण्यास सुलभ असते व त्यावर उत्तम झिलई चढते. सर्वांत सुंदर नक्षी फांद्यांचा फाटा, मूळ व खोडावरील गाठ यांत आढळते. असे भाग दुर्मीळ. म्हणून त्यांचे पातळ पापुद्रे काढून ते ओक वा पाइनच्या सांगाड्यावर डकविण्याची रीत रूढ झाली. लागोपाठचे दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांप्रमाणे उलगडून जोडले, की समतोल आकृती सिद्ध होई. मात्र खोडाच्या बाहेरील फिकट थरास कीड लवकर लागते, हा या लाकडाचा दोष होय.

‘वॉलनट’ या इंग्रजी नावाचा मूळ अर्थ ‘परक्यांचे कवचफळ’ असा आहे. उत्तम लाकडासाठीही इंग्लंड बरेचसे परदेशावर, विशेषतः फ्रान्सवर, अवलंबून होते. १७०९ च्या कडाक्याच्या थंडीत युरोपातील असंख्य अक्रोडवृक्ष नष्ट झाले. १७२० मध्ये फ्रान्सने निर्यातीस बंदी घातली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने अमेरिकेतील वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरील आयातकर उठविला. त्यामुळे जमैकाच्या महोगनीचा मार्ग मोकळा झाला. तिच्या रुंद, किडीस दाद न देणाऱ्या फळ्यांना पापुद्र्यांची गरज नव्हती.

परंतु याच सवलतीने व्हर्जिनियाचा काळा अक्रोडही इंग्लंडात येऊ लागला, आणि १७३० नंतरही अक्रोडाचे सामान घडतच राहिले. मागणी एकाएकी आटली असती, तर असे घडते ना. बंदुकीच्या दस्त्यांसाठी तर या लाकडाचे स्थान पुढेही अढळ राहिले. कारण धक्का सोसूनही ते आकार सोडत नाही. सारांश, येथे अभिरुचीने पुरवठ्याचे अनुसरण केले, असेच म्हणणे अधिक सयुक्तिक होय.