चार हातांची शस्त्रक्रिया : पिट्सबर्गची वाटचाल

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीपर्यंत नाकातून पोहोचण्याची वाट काही पिट्सबर्गने शोधलेली नाही. १९०७ साली इन्सब्रुकला हर्मान श्लोफर यांनी ती पहिल्यांदा चोखाळली, तीही नाक कापून बाजूला वळवून. १९६३मध्ये पॅरिसच्या जेरार गियो यांनी दुर्बीण वापरून पाहिली, पण पुरेसं दिसेना म्हणून सोडून दिली. पुढची अनेक वर्षं सूक्ष्मदर्शकाचीच होती.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात १९८०च्या दशकात कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रियांसाठी स्वतंत्र केंद्र उभं राहिलं. मेंदूचे सर्जन आणि नाक-कान-घशाचे सर्जन तिथे एकाच टेबलापाशी उभे राहू लागले. याच जोडीदारीतून हे-दोंग जो आणि रिकार्दो काराउ यांनी दुर्बीण पुन्हा हाती घेतली. १९९७मध्ये त्यांनी ५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतल्या ४४ जणांना पिट्युटरीच्या गाठी होत्या.

चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत जाते. नाकामागची हाडातली पोकळी, म्हणजे स्फेनॉइड सायनस, उघडला की मागे ग्रंथीखालचं पातळ हाड दिसतं. दोन्ही अंगांना कॅरोटिड रक्तवाहिन्या, वर दृष्टीच्या नसा. चुकायला जागा नाही. म्हणून एक सर्जन दुर्बीण सांभाळतो आणि दुसरा दोन्ही हातांनी गाठ काढतो. कोपऱ्यात दडलेला तुकडा तिरक्या भिंगाच्या दुर्बिणीने शोधता येतो.

नव्या शतकात पिट्सबर्गच्याच अमीन कासम, कार्ल स्नायडरमन आणि काराउ यांनी याच वाटेने मोठ्या, अवघड गाठींना हात घातला. तेव्हा अडचण उभी राहिली ती मेंदूभोवतालचं पाणी नाकातून गळण्याची. त्यातून मेंदूज्वराचा धोका. त्यावरचा तोडगा अर्जेंटिनातल्या रोझारिओच्या सर्जनांकडून आला: नाकाच्या पडद्यावरचं अस्तर त्याच्या रक्तवाहिनीसकट उचलून भोकावर बसवायचं. २००६मध्ये दोन्ही गटांनी मिळून हे तंत्र प्रसिद्ध केलं आणि मोठ्या शस्त्रक्रियांचा मार्ग मोकळा झाला.

दुर्बीण पॅरिसलाही होती. पिट्सबर्गचं श्रेय दोन विभागांना एकत्र आणण्यात आहे. वाचकांनी मात्र एवढं ध्यानात ठेवावं: प्रत्येक गाठीला शस्त्रक्रिया लागत नाही; प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढवणाऱ्या बहुतेक गाठी गोळ्यांनीच आटोक्यात येतात. पण दोन्ही कडांचं दिसेनासं झालं किंवा मोठेपणी अंगठी, चपला घट्ट होऊ लागल्या, तर ती अशा गाठीची लक्षणं असू शकतात; डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.