आंकड्याची उंची

बैलगाडींत ओझें मागें सरकलें म्हणजे गाडी उलाळ होते आणि जूं बैलांच्या मानेवरून वर उचललें जाऊं लागतें, हें खेड्याशीं थोडाबहुत संबंध आलेल्या प्रत्येक श्रोत्याला ठाऊक असेल. आज ज्या प्रश्नाविषयीं मी बोलणार आहें तो मुळांत एवढाच आहे. फक्त बैलांच्या जागीं दहा चाकांचा अमेरिकन लष्करी ट्रक आहे, आणि जुवाच्या जागीं त्याच्या पाठीमागें बसविलेला पोलादी आंकडा.

या आंकड्याचें कुळ तोफखान्यांतलें. घोड्यांच्या काळीं तोफ ओढून न्यावयाची म्हणजे पुढें दोन चाकांचा एक छोटा गाडा असे. त्याच्यावर लोखंडाची एक उभी खुंटी असे, आणि तोफेच्या शेपटाला पाडलेलें भोंक त्या खुंटीवर बसवीत. पुढें खुंटीचा आंकडा झाला आणि भोंकाची कडी झाली. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धांत सहा घोड्यांमागें धांवणाऱ्या मैदानी तोफा अशाच कडी-आंकड्यानें जोडलेल्या होत्या. इंग्रजींत या आंकड्याला अजून ‘पिंटल’ म्हणतात, आणि पिंटल म्हणजे खुंटी! वस्तु पालटली तरी नांव राहिलें.

घोडे गेले, मोटारी आल्या, तरी ओढावयाची ती तोफच. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनें ‘सी. सी. के. डब्ल्यू.’ नांवाचा अडीच टनी ट्रक बनविला. त्याच्या सर्व आंसांना एंजिनाची गति मिळे. १९४१ ते १९४५ या काळांत असे पांच लाखांहून अधिक ट्रक बाहेर पडले. १०५ मिलिमीटरची हॉविट्झर तोफ त्याच्या मागें जोडीत, आणि तोफ नसेल तेव्हां ‘बेन हर’ या नांवानें ओळखला जाणारा एक टनी, दोन चाकी ट्रेलर. ट्रकाचा आंकडा, तोफेची कडी आणि ट्रेलरची दांडी हीं तिन्ही एकमेकांच्या मापानें बेतलेलीं होतीं. चिखल, खड्डे आणि ओढे ओलांडावयाचे असल्यामुळें सारेंच जमिनीपासून उंच ठेवलेलें होतें. आंकडा साधारण माणसाच्या कमरेजवळ येई.

२५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळांत फ्रान्समध्यें ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ या वाहतुकीनें पुढें धांवणाऱ्या सैन्याला पेट्रोल, दारूगोळा व अन्न पुरविलें, तें मुख्यतः याच ट्रकांच्या बळावर. त्यांचे सुमारें तीनचतुर्थांश चालक कृष्णवर्णी सैनिक होते. ज्या सैन्यांत त्यांना गोऱ्यांपासून वेगळें ठेवीत, त्याच सैन्याची शिदोरी त्यांच्या हातीं होती.

युद्ध संपलें आणि हीं वाहनें विक्रीस निघालीं. १९४४ मध्यें अमेरिकेंत शिल्लक लष्करी मालाच्या विक्रीचा कायदा झाला, १९४६ मध्यें त्यासाठीं स्वतंत्र खातें स्थापन झालें, आणि शेतकरी, लांकूडतोडे, गांवोगांवचे अग्निशामक हे ट्रक घेऊं लागले. १९५० पासून बनूं लागलेल्या ‘एम ३५’ या पुढच्या पिढीच्या ट्रकांचीही कांहीं दशकांनंतर तीच गत झाली. खरेदी करणाऱ्याला ट्रक मिळाला; त्याची तोफ कांहीं मिळाली नाहीं. त्याच्या घरचा ट्रेलर नागरी मापाचा, म्हणजे दांडी गुडघ्याच्या आसपास. ती कमरेएवढ्या आंकड्यांत अडकविली कीं ट्रेलरचें तोंड वर, पाठ खालीं. ही आपली उलाळच!

बैलगाडी उलाळ झाली तर बैल थांबतात. मोटार थांबत नाहीं. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांडीवर असावा असा सामान्य ठोकताळा आहे. तो कमी झाला कीं ट्रेलर मागून झोले घेऊं लागतो, आणि वेग वाढला तर झोला आवरेनासा होतो. ट्रेलरला दोन आंस असतील तर मागचा आंस जास्त दबतो आणि पुढचा हलका पडून त्याचे ब्रेक पुरते लागत नाहींत. रस्त्यावर समोरून येणाऱ्याला या हिशेबाची कल्पना नसते.

मग आंकडा खालीं आणावा, हें ओघानेंच आलें. ट्रकाच्या चौकटीच्या शेवटच्या आडव्या तुळईला जाड पोलादी पट्टा जोडून, त्याच्या खालच्या टोकाला आंकडा बसवितात. काम दोन घटकांचें वाटतें, आणि येथेंच पुष्कळांची फसगत होते. सी. सी. के. डब्ल्यू. ट्रकाचा मूळ आंकडा तुळईच्या आरपार गेलेला असून त्याला मागून स्प्रिंग आहे. ओढ सरळ रेषेंत येते, धक्का स्प्रिंग गिळते. आंकडा एक फूट खालीं गेला कीं तीच ओढ तरफेसारखी काम करूं लागते. ट्रेलरनें २००० पौंडांचा रेटा दिला तर तुळईवर २००० फूट-पौंडांचें पिळण येतें. ट्रक ओढीत असतां तें एका दिशेनें, ब्रेक लावतांच उलट दिशेनें! असें हजारों वेळां झालें कीं चांगलें पोलादही भेगाळतें. म्हणून जाणता लोहार पट्ट्याच्या खालच्या टोकापासून पुढें, चौकटीच्या दोन्ही लांब तुळयांपर्यंत, तिरपे आधार देतो. माझ्या मतें आधाराशिवायचा पट्टा लावण्यापेक्षां ट्रेलरच उंच करावा. दांडीला अनेक भोंकांची पट्टी लावून कडी वर चढवितां येते, आणि ट्रक जसाचा तसा राहतो. कोणी ट्रकालाच लहान चाकें घालतात. त्यानें आंकडा उतरतो खरा, पण सारें वाहनच जमिनीकडे झुकतें, आणि ज्या उंचीसाठीं तें घेतलें तीच हातची जाते.

खालीं आणलेल्या आंकड्याचीही किंमत आहेच. ओढ्यांतून वर चढतांना तो प्रथम जमिनीला टेंकतो. बांध ओलांडतांना मातींत रुततो. शेतकऱ्याला तें चालतें, कारण त्याचा बहुतेक प्रवास सडकेवरचा. जुनीं लष्करी वाहनें जतन करणाऱ्या हौशी मंडळींना मात्र हा पट्टा मुळींच खपत नाहीं. असा ट्रक हातीं आला कीं ते जोडकाम उकलतात, गंजलेले बोल्ट तापवून काढतात, आंकडा जुन्या जागीं चढवितात, आणि मग ‘बेन हर’ ट्रेलरच्या शोधास लागतात.