आमच्या वाड्यावरचे मेस्त

2009 सालच्या जूनमध्ये, पाऊस लागून चारच दिवस झाले होते, तेव्हा आमच्या वाड्यावरचे मेस्त वारले. निरोप घेऊन कोणी आले नाही. इगर्जीची घंटा संथपणे वाजू लागली आणि आई आतून म्हणाली, "कोण गेलो पळय रे." थोड्या वेळाने तिच्याच लक्षात आले की घंटेची लय चुकते आहे. गावात कोणी गेले की ती घंटा मेस्त स्वतः वाजवीत. आज दोर दुसऱ्याच कुणाच्या हातात होता.

गोव्यात सुतारालाही मेस्त म्हणतात, म्हणून बाहेर वाढलेल्या आमच्या मुलांचा गोंधळ होतो. हे मेस्त म्हणजे इगर्जीच्या शाळेचे संगीत शिक्षक. सोळाव्या शतकापासून तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीत इगर्जींना जोडून अशा शाळा निघाल्या. तिथे मुलांना प्रार्थना, अक्षरे आणि सोल्फ, म्हणजे स्वरलिपी, शिकवीत. आधी सोल्फ गळ्यात बसवायची, मगच हातात रेबेक मिळायचा. (व्हायोलिनला आमच्याकडे रेबेक म्हणतात.) पुष्कळ ठिकाणी मेस्ताच्या पगाराचा भार गावकरी उचलायची, म्हणजे पोर्तुगीज ज्याला कोमुनिदाद म्हणत ती ग्रामसंस्था. आमच्या मेस्तांच्या वडिलांना तो पगार मिळत होता.

मेस्तांच्या वाट्याला तो आला नाही. 1961 नंतर सरकारी मराठी आणि इंग्रजी शाळा गावोगाव झाल्या. 1964 चा कूळ कायदा आला आणि गावकरीचे उत्पन्न घटत गेले. कूळ कायदा चुकीचा होता असे मी म्हणणार नाही, आमचे अर्धे गाव कुळांचेच आहे. पण त्या उत्पन्नातून चालणाऱ्या कितीतरी लहान गोष्टी त्यानंतर निराधार झाल्या, त्यातलीच एक ही. शाळा बंद पडली. मेस्त दुपारपर्यंत मडगावला एका दुकानात हिशेब लिहीत आणि संध्याकाळी बाल्कांवात पाच-सहा पोरांना घेऊन बसत. एक पैसा न घेता त्यांनी हे चाळीस वर्षांहून अधिक काळ केले. पुढे सांक्रिस्तांव मुंबईला गेला आणि घंटाही त्यांच्याच गळ्यात पडली. फेस्त, नोवेन, खुरसाकडची लादाईन, कुणाचे लग्न, कुणाचे मरण... रेबेक घेऊन मेस्त हजर. लादाईन संपली की चणे खायचे, फेणीचा एक घोट घ्यायचा आणि बॅटरीच्या उजेडात घरी जायचे.

व्हॅटिकनची दुसरी परिषद 1962 ते 1965 या काळात झाली आणि मिस लॅटिनऐवजी कोंकणीतून होऊ लागली. जन्मभर पाठ केलेले सगळे एकदम अडगळीत गेले तर दुसरा कोणी रुसला असता. मेस्तांनी नवी गायने शिकून घेतली आणि पोरांसाठी प्रत्येक आवाजाची वेगळी वही हाताने लिहून काढली. जुने मात्र त्यांनी टाकले नाही. कोरेज्मातले मोतेत त्यांच्या वह्यांत राहिले.

आपण मराठी माणसे देवळांच्या संगीताविषयी खूप लिहितो. केसरबाई, मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ... गोव्याच्या देवळांनी मुंबईच्या मैफलींना आणि रंगभूमीला काय दिले, हे आपल्याला पाठ आहे. पण हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत ओळीने बसलेले वादक कुठून आले? त्यातले कितीतरी गोव्याच्या इगर्जींतून. शंकर-जयकिशनच्या चाली वाद्यवृंदासाठी लिहिणारे सेबास्टियन डिसोझा, सी. रामचंद्रांबरोबर काम करणारे हळदोण्याचे चिक चॉकलेट, ही सगळी गोंयकार मंडळी. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे, त्यांचे वडील तिथल्या इगर्जीतले मेस्त. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात त्या गुरूचे नाव आले आणि ते देशभर झाले. 2012 साली गोन्साल्विस वारले तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिले. त्यांचा जन्म 1927 चा. आमचे मेस्तही त्याच वर्षीचे. एक मुंबईला गेला, एक गावात राहिला. देवळातला चौघडेवाला आणि इगर्जीतला मेस्त यांची चूल एके काळी गावकरीच्याच जमिनीवर पेटायची, मग एकाचाच इतिहास आपला कसा?

हे मी दुसऱ्यांना विचारतो आहे खरे, पण स्वतः काय केले? 1998 साली गावकरीवर काहीबाही लिहीत होतो, तेव्हा मेस्तांनी मोतेतांच्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या. शाईच्या बारीक रेघा, खाली लॅटिन, कुठे कुठे रोमी कोंकणी. "बाब, व्हर. पूण पावसा आदीं परत हाड." पाऊस तोंडावर होता. मी म्हटले, चवथ झाली की नेतो, झेरॉक्स काढून आणतो. ती चवथ गेली, त्यानंतरच्या दहा गेल्या. वाटेत भेटले की ते मुद्दाम वह्यांचा विषय काढत नसत. ते मला जास्त लागे.

मरणाच्या दिवशी इगर्जीत कीबोर्ड वाजला. वाजवणारी मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकलेली, तिला नावे ठेवायची नाहीत. महिन्याभराने त्यांची लेक आमच्या घरी आली, प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन वह्या घेऊन. पेटीत तीन होत्या. मी लगेच मडगावला जाऊन दोन्हींचे झेरॉक्स काढले, एक प्रत पाद्रींना दिली. 2010 च्या कोरेज्मात त्यातला एक मोतेत गावच्या पोरांनी गायला. आईला घेऊन मी दारातच उभा राहिलो. तीन आवाजांचा मोतेत, पण दोनच आवाज ऐकू आले. तिसरा वाळवीने खाल्लेल्या वहीत होता.